बोटांनी वाचायचं घड्याळ

क्लबच्या मॅनेजरने भेट दिलेलं बोलकं स्टॉपवॉच ताईने धाकटीच्या टेबलावर ठेवलं, पण ठेवण्याचा आवाज आपटण्यासारखा झाला. बारीक स्क्रूंच्या वाट्या थरथरल्या, आणि धाकटीच्या तोंडून "अगं ए" निघेपर्यंत ते स्टॉपवॉच स्वतःच बोलायला लागलं होतं. शून्य मिनिटं, तीन सेकंद. शून्य मिनिटं, चार सेकंद.

"आधी ह्याचं तोंड बंद कर," ताई म्हणाली. "मग मला बसायला स्टूल दे."

धाकटीने बटण दाबून ते गप्प केलं आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं. दुकान लांबट आणि अरुंद होतं. खिडकीपाशी धाकटीचं घड्याळदुरुस्तीचं टेबल, आणि पलीकडच्या भिंतीला तिच्या नवऱ्याचं नेमप्लेट कोरायचं मशीन. मधून एका वेळी एकच माणूस जाऊ शकायचा. ताईला मात्र वाट सांगावी लागत नसे. दाराच्या चौकटीला एकदा हात लावला, की ती थेट स्टुलापर्यंत यायची. तिची नजर गेल्या काही वर्षांत हळूहळू आटत गेली होती. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही धूसर झालं, आणि आता फक्त उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळे. पण पोहण्याच्या तलावावरचं तिचं प्रशिक्षकाचं काम एक दिवसही सुटलं नव्हतं. पाण्याच्या नुसत्या आवाजावरून ती सांगायची, की तिसऱ्या पट्ट्यात कोण आहे आणि त्याचा डावा कोपर का पडतोय.

"काय बिघडलंय ह्यात?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. चोख चालतं. तेच दुखणं आहे. लंबू भिंतीला टेकली रे टेकली, की हे मेलं सगळ्या गावाला ओरडून सांगतं तिची वेळ. मला कळायच्या आत तिला कळते."

लंबू ही ताईची सगळ्यात गुणी पोहणारी. वयाने अजून कॉलेजातली, उंचीने मात्र दारात वाकून शिरणारी. लांब पल्ल्याचं पोहायची, आणि त्यात एकाच गोष्टीने तिचा घात व्हायचा. वेळ चांगली आली की पुढच्या खेपेला ती हवेत असायची, वाईट आली की हातपाय गाळायची.

"मी इतक्या वर्षांत एकाही पोराला खरी वेळ सांगितलेली नाही," ताई म्हणाली.

पलीकडे मशीनवर वाकलेला नवरा थांबला. "म्हणजे तुम्ही खोटं सांगायचात, ताई?"

"उपयोगाचं सांगायचे. जो फुगलाय त्याला दोन सेकंद जास्त, जो खचलाय त्याला दोन कमी. वेळ आधी माझ्या हातात यायची, आणि मग मी ठरवायचे तिचं काय करायचं ते. आता ठरवायला काही उरलंच नाही."

"कानात इअरफोन घाल ना. तुला एकटीलाच ऐकू येईल."

"आणि पाणी कशाने ऐकू? माझे डोळे आता कानात आहेत, तिथे बोळे कोंबू?"

ताईने पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि चाचपत टेबलावर ठेवली. रुमाल उलगडताच धाकटीचा हात आपोआप भिंगाकडे गेला. ते ताईचं जुनं क्रोनोग्राफ घड्याळ होतं. साध्या मनगटी घड्याळासारखंच, पण किल्लीच्या वर-खाली एकेक बटण. वरचं दाबलं की मधला लांब सेकंदकाटा धावायला लागे, पुन्हा दाबलं की थांबे, आणि खालचं दाबलं की टपकन शून्यावर परते. किती मिनिटं झाली ते एका छोट्या तबकडीवरचा छोटा काटा दाखवी. ताईच्या स्वतःच्या गुरूंनी निवृत्त होताना ते तिच्या मनगटावर बांधलं होतं. पायात गोळा आलेल्या एका पोराला बाहेर काढायला ताईने घड्याळासकट उडी मारली, त्या दिवसापासून ते बंद होतं.

धाकटी घड्याळाचं काम शिकत होती तेव्हा तिने ह्या घड्याळाच्या किती विनवण्या केल्या होत्या. एकदा उघडू दे, नुसतं बघते. ताईने कधी हात लावू दिला नव्हता.

"चालू कर," ताई आता म्हणाली. "आणि मला बोटांनी वाचता येईल असं कर."

"अंधांसाठी झाकण उघडून चाचपायची घड्याळं मिळतात, ताई."

"त्यांच्यात तास-मिनिटं कळतात. तास-मिनिटं मला उन्हावरूनही कळतात. मला सेकंद पाहिजेत."

धाकटीने मागचं झाकण फिरवून काढलं होतं आणि आत डोकावली होती. ताई जायला उठली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

आत गंजाने धुमाकूळ घातला होता. पाणी बटणांच्या वाटेने शिरलं होतं, त्यामुळे नेमका बटणांकडचा भाग तांबूस झाला होता. पण वेळ चालवणारी चाकं पलीकडच्या बाजूला होती आणि ती जवळजवळ कोरडी राहिली होती. धाकटीने फुंकणीने हलकेच हवा मारली, तर घड्याळाची टिकटिक चालवणारं तोलचाक अर्धवट झोपेतून कूस बदलावी तसं थोडं हललं आणि पुन्हा निपचित पडलं. तेवढ्यानेच तिला हुरूप आला.

"जिवंत आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

"जेवायला येतेस का?" नवरा म्हणाला. "तू जिवंत राहशील."

पुढचे काही दिवस दुकानात आलेल्या बाकीच्या घड्याळांना तिने ताटकळत ठेवलं. एकेक भाग सुटा करून तिने धुतला. गंजलेले स्क्रू रॉकेलमध्ये मुरवले, तरीही एक हट्टी निघाला आणि त्याचं डोकंच तुटलं, तेव्हा तो आतून पोखरून काढावा लागला. मिनिटांचा काटा पुढे ढकलणारी केसासारखी स्प्रिंग गंजून दोन तुकडे झाली होती. तशी विकत मिळणं शक्य नव्हतं. पोलादी पट्टीतून तिने नवी कापली, घासली, निळी होईतो तापवली. पहिली ठिसूळ निघाली. दुसरी बसवताना चिमट्यातून निसटली आणि कुठे गेली कोण जाणे, नवरा-बायको दोघं गुडघ्यांवर रांगत फरशी पुसत राहिले. ती नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात सापडली.

मग एका सकाळी सगळं जुळलं. तिने किल्ली दिली, आणि घड्याळाने टिकटिक धरली, बारीक आणि एकसारखी. वरचं बटण दाबलं. छोटी तरफ सरकली, चाकाला चाक भिडलं, आणि लांब काटा असा निघाला की तिच्या अंगावर काटा आला. पुन्हा दाबलं, थांबला. खालचं दाबलं. काट्याखाली पत्त्यांतल्या बदामासारखी एक चकती असते आणि तिच्यावर एक इवलीशी हातोडी पडते. बदाम कुठेही असला, तरी हातोडीखाली घसरून खोबणीशीच येतो, आणि काटा शून्यावर. हे तिने आजवर अनेक घड्याळांत पाहिलं होतं. तरी ती लहान पोरीसारखी ते पुनःपुन्हा करत बसली. चालू, बंद, शून्य. चालू, बंद, शून्य.

"झालं का?" नवऱ्याने विचारलं.

"छे. आता तर सुरुवात आहे."

वाचण्याचा भाग नवऱ्याने अंगावर घेतला. नेमप्लेट कोरणाऱ्याचा हात होता त्याचा. पितळेची नवी तबकडी कापून त्याने तिच्यात कडेने बारीक भोकं पाडली आणि त्यांत पितळेच्याच टाचण्या ठोकल्या. दर पाच सेकंदांना एक उंचवटा, पाव फेरीला दोन, आणि शून्यापाशी तीन. मिनिटांच्या छोट्या तबकडीवर तसंच, पण आणखी नाजूक. वरची काच काढून धाकटीने बिजागरीचं झाकण बसवलं, आणि जुन्या सुईसारख्या काट्याच्या जागी स्टीलचा जाडजूड काटा.

ताई आली. झाकण उघडून तिने टाचण्यांवरून बोट फिरवलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून नवरा उगाचच मशीनचा पट्टा नीट करायला लागला.

"हे तर मला आत्ताच कळतंय," ताई म्हणाली. "चालू करू?"

तिने बटण दाबलं, थोड्या वेळाने थांबवलं, आणि बोटाने काटा शोधला. "बेचाळीस," ती म्हणाली. मग खात्री करायला पुन्हा बोट लावलं. "चव्वेचाळीस. अं? आता सत्तेचाळीस. अगं, हा पळतोय."

धाकटीने भिंग डोळ्याला लावलं. काटा थांबला की त्याच्या चाकाला एक ब्रेक येऊन टेकतो. ब्रेक म्हणजे गुळगुळीत पायाची एक छोटी तरफ. नजरेने वाचणाऱ्याला तेवढा पुरतो. पण बोटाचा भार पडला की चाक त्याच्याखालून सरकत होतं. ताई वाचता वाचता वेळ बदलत होती.

"ही तर लंबूला सांगायच्या आधीच खोटी झाली," नवरा म्हणाला, आणि ताईसुद्धा हसली. धाकटी हसली नाही.

तिने ब्रेकची स्प्रिंग जाड केली. काटा घट्ट थांबला खरा, पण बटण इतकं ताठ झालं की दाबताना ताईचा हात हलायचा, आणि दोनदा कसून चाचपलं की काटा तरीही सरकायचा. त्यात दुसरंच संकट उभं राहिलं. काटा जड होता. हातोडी बदामावर पडली की बदाम शून्यावर जाई, काटा मात्र स्वतःच्या वजनाच्या जोराने पुढे जाऊन तीन-चार सेकंदांवर थांबे. एकदा तर तो दांड्यावरून सुटून उडाला आणि टण्णकन खिडकीच्या काचेवर आदळला.

"हे घड्याळ आहे का गोफण?" नवऱ्याने विचारलं.

काट्याचा इलाज तिला लवकर सापडला. ॲल्युमिनियमचा आखूड काटा केला, त्याच्या शेपटीकडे तेवढंच वजन ठेवलं, आणि नवऱ्याने टाचण्यांचं वर्तुळ आत सरकवून नवी तबकडी करून दिली, कुरकुर करत, पण आधीच्यापेक्षा सुबक. आता काटा शून्यावर येऊन खिळल्यासारखा थांबायचा. ब्रेक मात्र ऐकेना. तिने त्याच्या पायाला चामड्याचा कण चिकटवून पाहिला, रबराचा पाहिला. रबराची पूड झाली आणि चाकांत गेली, आणि सगळं घड्याळ पुन्हा धुवावं लागलं.

त्या दिवसांत तिच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. भाजी चिरताना मध्येच थांबून ती सुरीच्या पात्याकडे बघत बसायची. नवऱ्याशी बोलताना वाक्य अर्धं सोडून द्यायची. हाताला येऊन निसटणाऱ्या गोष्टीची ती चिडचिडी, गोड हुरहूर होती. आपल्याला हे जमणार आहे, फक्त कसं ते माहीत नाही, असं तिला सारखं वाटायचं.

ब्रेकचं कसं झालं ते विचारायला ताईने तिला तलावावर बोलावलं. वरच्या खिडक्यांतून ऊन पाण्यावर पडलं होतं आणि छतावर त्याची जाळी हलत होती. ताई नेहमीसारखी चौथ्या पट्ट्याच्या टोकाशी उकिडवी बसली होती, एक तळवा तलावाच्या काठावर टेकून. पोहणाऱ्याने वळताना भिंतीला लाथ मारली की तो धक्का तळव्याला कळायचा. बोलकं स्टॉपवॉच बाजूला पडलं होतं. लंबू आली, भिंतीला टेकली, स्टॉपवॉचने वेळ जाहीर केली, आणि लंबूचे खांदे पडलेले धाकटीला स्पष्ट दिसले.

"ऐकलंत ना, मॅडम?" लंबू धापा टाकत म्हणाली. "मागच्यापेक्षाही वाईट. मला नाही वाटत संघाच्या निवड चाचणीत माझं काही होईल."

"तू आधी श्वास घे," ताई म्हणाली.

तेवढ्यात मॅनेजर आला. माणूस सालस होता, ताईला मानणारा. त्याने धाकटीला नमस्कार केला आणि मग ताईला म्हणाला, "मॅडम, कमिटीत विषय निघाला होता. चाचणीनंतर तुम्ही सल्लागार म्हणून ऑफिसातच बसावं असं सगळ्यांचं मत पडलं. इथे ओलं असतं, घसरायला होतं. आम्हाला काळजी वाटते."

"मी इथे कधी घसरलेय?"

"नाही. म्हणूनच, घसरायच्या आधी."

ताईने तोंड पाण्याकडे वळवलं. धाकटीलाच काहीतरी बोलायचं होतं, पण तिची नजर भलतीकडेच खिळली होती. लंबू पाण्यातच थांबली होती. दमलेली होती, म्हणून एका हाताने काठाला लटकली होती. आधी तिची बोटं वरच्या गुळगुळीत फरशीवर होती आणि ओली असल्याने ती निसटत होती. मग तिने हात किंचित खाली घेतला. तिथे काठाच्या आतल्या अंगाला, धरायला म्हणून, खाचांची ओळ होती. बोटांची टोकं त्या खाचांत बसली आणि तिचं सगळं लांबलचक शरीर आरामात तिथे लटकून राहिलं. जोर न लावता.

धाकटी उठून उभी राहिली. "ताई, मी निघते."

"अगं, आत्ता तर आलीस."

"खाचा," धाकटी म्हणाली. "दाबायचं नाहीये. अडकवायचंय." आणि ती निघालीसुद्धा. मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं आणि मग ताईकडे.

"तिचं असंच असतं," ताई म्हणाली. "काहीतरी सापडलंय तिला."

वाटभर धाकटी मनात जुळवत होती. काट्याच्या चाकाला कडेने बारीक दात असतातच, धावताना त्याच दातांत दुसऱ्या चाकाचे दात अडकतात. मग ब्रेकचा पाय गुळगुळीत कशाला हवा? त्यालाही तसेच दात दिले, तर थांबल्यावर दातात दात बसतील आणि बोटाने कितीही चाचपलं तरी चाक जागचं हलणार नाही. स्प्रिंग मूळची, मऊच ठेवता येईल. दात बसताना चाक फार तर अर्ध्या दाताने सरकेल, आणि अर्धा दात म्हणजे सेकंदाचा इतका छोटा अंश, की ताईच्याही बोटाला तो कळणार नाही.

पण तसले दात कापायचं हत्यार तिच्याकडे नव्हतं. दुकानात शिरल्या शिरल्या तिने मोडक्या भागांचा डबा टेबलावर पालथा केला. लोकांनी दुरुस्त न होणारी म्हणून सोडून दिलेली घड्याळं, त्यांची चाकं, चाकं धरणाऱ्या पट्ट्या, किल्ल्या, सगळ्याचा ढीग झाला.

"आता काय हरवलं?" नवऱ्याने विचारलं आणि सवयीने शर्टाचा खिसा तपासला.

"सापडलंय. ह्याच जातीच्या घड्याळाचं एक चाक होतं बघा, अर्धं चेपलेलं. मला त्याचा चांगला अर्धा पाहिजे."

दोघांनी मिळून शोधलं. ते सापडल्यावर तिने त्याच्या चांगल्या बाजूचा, नखाच्या कोरीएवढा तुकडा कापून घेतला. मूळचा ब्रेक तिने पुसून जपून ठेवला, तसाच एक नवा पोलादात कापला आणि त्याच्या पायाशी तो दाताळ तुकडा वितळलेल्या धातूने झाळायला घेतला. झाळ जरा जास्त झाली असती तर दातांच्या फटी बुजल्या असत्या. नवऱ्याने ज्योत धरली, तिने श्वास धरला. झाळ चमकली, पसरली, आणि दातांच्या मुळाशी येऊन थांबली.

बसवून झाल्यावर तिने बटण दाबलं. काटा धावला. पुन्हा दाबलं, आणि अगदी हलका, नीट कान दिला तरच ऐकू येईल असा "टक" झाला. तिने काट्यावर बोट ठेवलं. आधी हळू, मग जरा जोराने. काटा भिंतीतल्या खिळ्यासारखा होता. तिने नवऱ्याला बोट लावायला लावलं. मग दुकानात नेमप्लेट न्यायला आलेल्या अनोळखी डॉक्टरांनाही लावायला लावलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनीही "वा" म्हटलं.

ताईने घड्याळ मनगटावर बांधलं. चालू, टक, बोट. चालू, टक, बोट. मग एकदम म्हणाली, "तेवीस आणि वर थोडं."

धाकटीने भिंगातून पाहिलं. काटा तेवीस आणि चोविसाच्या मधे होता.

"तू माझ्या हातात परत काय दिलंयस, तुला कल्पना नाही," ताई म्हणाली.

त्यानंतर जे सुरू झालं ते दोघी बहिणींचं गुपित होतं. बोलकं स्टॉपवॉच मॅनेजरच्या कपाटात परत गेलं. लंबू भिंतीला टेकायची, "मॅडम, किती?" विचारायची, आणि ताई झाकणाखाली बोट फिरवून, चेहऱ्याची सुरकुती न हलवता म्हणायची, "ठीक आहे. परवासारखीच." आणि संध्याकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसल्या बसल्या धाकटीच्या कानाशी लागायची.

"आज किती आली असेल, सांग बघू."

"परवासारखी?"

"परवाची तर कधीच मागे पडली. अगं, ही पोरगी उडतेय. आणि तिला पत्ताच नाही."

"सांगून टाक ना."

"वेडी आहेस का? आत्ता ती वेळेसाठी पोहत नाहीये. नुसती पोहतेय."

रोज संध्याकाळी आकडा आणखी खाली आलेला असायचा. धाकटीला कळेना हा आनंद ठेवायचा कुठे. ती गिऱ्हाइकांशी जास्तच गोड बोलायला लागली. नवऱ्याला सगळं माहीत होतं, पण तो माहीत नसल्यासारखा वागायचा, कारण दोघी त्याच्याजवळ आल्या की मुद्दाम आवाज खाली आणायच्या आणि त्यांना त्यात फार मजा येत होती.

निवड चाचणीच्या दिवशी तलावाभोवती बरीच गर्दी होती. कमिटीची माणसं खुर्च्यांवर, बाकीचे उभे. वेळ घ्यायला मॅनेजर आणि आणखी दोघं इलेक्ट्रॉनिक स्टॉपवॉच घेऊन होते. ताई चौथ्या पट्ट्याशी उकिडवी बसली, एक तळवा काठावर आणि दुसऱ्या हातात उघडं घड्याळ. धाकटी तिच्या मागे उभी राहिली. शिट्टी झाली आणि पाणी फुटलं.

पहिल्या काही फेऱ्यांत लंबू तिसरी होती. लोक ओरडत होते आणि त्या गोंगाटात ताईला पाणी ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिचा तळवा काठाला चिकटलेला होता. लंबूने वळताना भिंतीला लाथ मारली, ताईने बटण दाबलं. पुढची फेरी संपवून लंबू पुन्हा आली, लाथ, बटण, टक, आणि ताईचं बोट टाचण्यांवरून सर्रकन गेलं. मग शून्य, आणि पुढच्या लाथेला पुन्हा चालू. एक फेरी मोजायची, एक सोडायची. धाकटी तिच्या बोटाकडे बघत होती. तिला पाण्याकडे बघवत नव्हतं.

"ती मागे आहे, ताई," धाकटी पुटपुटली.

"बाकीचे पुढे गेलेत. ती जिथे पाहिजे तिथे आहे."

अर्धं अंतर झाल्यावर पुढचे दोघं मंदावले. लंबूच्या फेऱ्या मात्र एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून येत होत्या. ताई नुसती ओठ हलवून आकडा सांगायची. तेवढाच. पुन्हा तेवढाच. मग ताईने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि लंबू वळत असताना दोनदा फुंकली. पाय जोरात मार, असा त्याचा अर्थ होता. लंबूच्या मागचं पाणी पांढरं झालं.

पुढच्या वेळी ताईचं बोट काट्यापाशी थबकलं. तिने पुन्हा चाचपलं. काटा जागचा हलला नव्हता.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"बघ तू. माझी चूक होत असेल."

धाकटी वाकली आणि तिने पाहिलं. चूक नव्हती. शेवटच्या टप्प्यात, दमून गळायच्या वेळी, लंबूची फेरी सगळ्यात वेगवान झाली होती.

लंबू भिंतीला टेकली तेव्हा दुसरा पोहणारा अजून भिंतीअलीकडच्या झेंड्यांच्या दोरीखाली होता. मॅनेजरने आपल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं, मग बाकीच्या दोघांच्या स्टॉपवॉचकडे, आणि ते तिघं एकमेकांकडे बघत राहिले. त्याने वेळ वाचून दाखवली तेव्हा क्षणभर तलावावर फक्त पाण्याची चुळबुळ ऐकू आली. मग एकच गलका झाला. क्लबमध्ये एवढी कमी वेळ कुणाचीच कधी आली नव्हती. आरडाओरडा न करणारी माणसं त्या वेळी तलावावर दोनच होती, आणि त्या दोघींनी एकमेकींचा हात इतका आवळून धरला होता की धाकटीच्या बांगडीचा वळ उठला.

लंबू बाहेर आली. "मॅडम, तुम्ही तर परवासारखीच म्हणत होतात. रोज."

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला तर माहीत असायलाच पाहिजे. तुला माहीत असून काय उपयोग झाला असता?"

लंबू रडायला लागली आणि हसायलाही. मॅनेजर जवळ आला होता. ताईच्या हातातल्या घड्याळाकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, ऑफिसातली ती खुर्ची मी कमिटीलाच देतो. त्यांना बसायला आवडतं."

"मी इथेच बरी," ताई म्हणाली.

लंबूने पाणी निथळत असलेला हात पुढे केला. "मला बघू दे ना ते घड्याळ."

"बघायचं नाही," ताई म्हणाली. "डोळे मीट."

लंबूने तिथेच ओल्या फरशीवर बसून डोळे मिटले. ताईने तिचं बोट धरून शून्याच्या तीन टाचण्यांवर ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. शेवटी मोजलेल्या फेरीची वेळ अजून तशीच थांबलेली होती. लंबूचं बोट पहिल्यांदा अडखळलं, मागे आलं, पुन्हा मोजत गेलं. मग लंबूचं बोट काट्याला लागलं आणि तिथेच थांबलं.

"मॅडम," ती डोळे न उघडता म्हणाली, "ही माझी आहे?"